सामने पाहणारा माणूस मुलांना बास्केटबॉल शिकवू शकतो का?

तुम्ही विचारले आहे की, दहा वर्षे पहाटे उठून एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सामने पाहत आलो, स्वतः शाळेत जेमतेम दोन वर्षे खेळलो, आणि आता वसाहतीतल्या मैदानावर जमणाऱ्या मुलांचे पालक ‘तुम्हीच शिकवा’ म्हणून मागे लागले आहेत, तर नोकरी सांभाळून हे जमेल का, आणि इतकी वर्षे सामने पाहिल्याचा शिकवताना काही उपयोग होईल का. मी नागपुरात नोकरी करतो आणि गेली आठ वर्षे एका सार्वजनिक मैदानातल्या सिमेंटच्या कोर्टवर नऊ ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना विनामोबदला शिकवतो आहे. तुमच्यासारखाच मीही आधी प्रेक्षक होतो. नोकरी सांभाळून हे नक्की जमते. सामने पाहिल्याचा उपयोगही होतो, पण त्यासाठी आधी पाहण्याची सवय बदलावी लागते, आणि ती बदलायला मला दोन वर्षे लागली.

प्रेक्षकाची नजर चेंडूवर असते, कारण टीव्हीचा कॅमेराही चेंडूच्याच मागे फिरत असतो. कोर्टवर मात्र दहा मुलांपैकी निदान नऊ जणांच्या हातात कोणत्याही क्षणी चेंडू नसतो, आणि शिकवायचे असते ते बहुतांशी त्या नऊ जणांना. पहिल्या वर्षी मी कडेला उभा राहून चांगल्या ड्रिबलला (चेंडू जमिनीवर आपटत नेण्याला) आणि चांगल्या बास्केटला दाद देत होतो. एके दिवशी घरी निघताना एका मुलीच्या आईने मला अगदी शांतपणे सांगितले, ‘‘सर, आज माझ्या मुलीच्या हाती एकदाही चेंडू आला नाही.’’ मला ते दिसलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही घेऊन बसलो, सगळ्यांची नावे लिहिली आणि वीस मिनिटांच्या सरावसामन्यात ज्याच्या हाती चेंडू येईल त्याच्यापुढे एक रेघ ओढत गेलो. दोघा मुलांपुढे तिसाच्या आसपास रेघा होत्या आणि तिघांपुढे दोन-दोन. ती वही मी अजून चालवतो. सरावसामन्यात ड्रिबलिंगला पूर्ण बंदी घालून केवळ पासवर खेळायला लावले, की दोन आठवड्यांत या रेघा बऱ्याच सारख्या होऊ लागतात, आणि ज्या मुलांना आपण ‘यांना जमत नाही’ असे समजत होतो त्यांतली काही मोकळी जागा हेरण्यात सगळ्यांत हुशार निघतात.

तेव्हापासून मी सामनेही वेगळ्या रीतीने पाहतो. एक खेळाडू निवडायचा आणि चेंडू कुठेही असो, पाच मिनिटे फक्त त्याचे पाय पाहायचे. एनबीएतला माझा आवडता संघ डेन्व्हर नगेट्स आहे आणि त्याचा निकोला योकिच हा माझा सगळ्यांत आवडता खेळाडू आहे. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, तो ४१ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याची उडी फारशी नाही, वेगही नाही, पण चेंडू हातात येण्याआधीच तो कोणाला द्यायचा हे त्याने पाहून ठेवलेले असते. मी मुलांना डंकची, म्हणजे उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबण्याची, दृश्ये कधीच दाखवत नाही. योकिचचा पंधरा सेकंदांचा एखादा पास तीन वेळा दाखवतो आणि विचारतो की, पास देण्याआधी त्याची मान किती वेळा वळली? मुले मोजतात, आणि पुढच्या अर्ध्या तासात त्यांच्याही माना वळताना दिसतात.

मुलांना स्वतःला मात्र लांबून तीन गुणांचे शॉट मारणारा एनबीए खेळाडू स्टीफन करी व्हायचे असते, आणि तिथे तुम्हाला खंबीर राहावे लागेल. दहा वर्षांचे मूल तीन गुणांच्या रेषेवरून, म्हणजे ६.७५ मीटरवरून, ३.०५ मीटर उंचीच्या रिंगकडे चेंडू टाकते तेव्हा ते शॉट मारत नसते, कमरेपासून चेंडू भिरकावत असते. हे रोज पन्नास वेळा झाले की तीच सवय हाडीमाशी मुरते. मी मुलांना करीचीच गोष्ट सांगतो. हायस्कूलमध्ये असताना त्याचाही शॉट खाली कमरेजवळून सुटत असे, आणि त्याचे वडील डेल करी, जे स्वतः एनबीएचे नावाजलेले शूटर होते, त्यांनी एका उन्हाळ्यात तो पूर्ण मोडून डोक्यावरून सुटणारा शॉट नव्याने बसवून घेतला. तो उन्हाळा करीला अतिशय जड गेला होता. लहान मुलांवर ही पाळी येऊ नये म्हणूनच लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर असते आणि चेंडू ५ नंबरचा असतो. आपल्याकडच्या मैदानांवर रिंग पक्की बसवलेली असते, ती खाली घेता येत नाही. आम्ही एका फॅब्रिकेटरकडून जाड पाइपवर रिंग वेल्ड करून घेतली, ट्रकच्या जुन्या टायरमध्ये काँक्रीट भरून तो पाइप त्यात उभा केला, आणि आता लहान मुले सगळा सराव त्याच रिंगवर करतात. तुमच्याकडे एवढे करणे शक्य नसेल, तर निदान ५ नंबरचे चेंडू आणा, कारण ७ नंबरचा सहाशे ग्रॅमच्या आसपासचा चेंडू त्या वयाच्या मनगटाला झेपत नाही. चेंडू रबराचेच घ्या, लेदरचा चेंडू सिमेंटवर दोन-तीन महिन्यांत सोलून निघतो. पंपाची पिन आत घालण्यापूर्वी ओली करायला विसरू नका, कोरडी पिन चेंडूचा व्हॉल्व्ह फाडते आणि मग तो चेंडू कायमचा गेला.

आता दिवस कसा जातो ते सांगतो. नागपुरात हिवाळ्यात सराव संध्याकाळी असतो आणि सामने सकाळी. तिकडे न्यूयॉर्कला संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा झालेले असतात, त्यामुळे ऑफिसला निघण्यापूर्वी एक सामना आरामात होतो आणि संध्याकाळी साडेपाच ते सात मैदान. खरी ओढाताण उन्हाळ्यात होते. मे महिन्यात इथे पारा ४५ पर्यंत जातो, म्हणून शिबिर पहाटे पावणेसहाला सुरू करून सव्वासातला संपवावे लागते, आणि नेमके त्याच वेळी प्लेऑफचे, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचे, सामने चालू असतात. १३ जून २०२३ ची सकाळ मला लख्ख आठवते. डेन्व्हर आणि मायामी यांच्यातला अंतिम मालिकेचा पाचवा सामना आपल्या वेळेप्रमाणे सहाच्या सुमारास सुरू होणार होता, डेन्व्हर ३-१ ने पुढे होते, म्हणजे आणखी एकच विजय हवा होता, आणि या संघाने तोवर एनबीएचे एकही विजेतेपद मिळवलेले नव्हते. मैदानावर बावीस मुले पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती. मी फोन बंद करून पिशवीत टाकला. मुलांना कळले होते की सर आज सामना सोडून आले आहेत, आणि सराव संपला तेव्हा त्यांनीच घाईघाईने सरावासाठी खुणेला ठेवलेले प्लास्टिकचे कोन गोळा केले, चेंडूंची जाळी बांधली आणि मला फाटकापर्यंत पिटाळले. घरी पोचलो तेव्हा उत्तरार्ध बाकी होता. डेन्व्हरने ९४-८९ असा सामना जिंकला, योकिचने २८ गुण आणि १६ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू) काढले, आणि मी पायातले बूटही न काढता तो पाहिला. तुम्हालाही असे दिवस येतील. त्या वेळी काय निवडाल याचा विचार आधीच करून ठेवा, कारण प्रशिक्षक आज येणार की नाही याची खात्री नसली की मुलांची गळती महिनाभरातच सुरू होते.

पावसाळ्याचे सांगण्यासारखे एवढेच की सिमेंटवर शेवाळ धरते, ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासल्याशिवाय मुलांना त्यावर पळवू नका.

स्पर्धा सुरू झाल्या की आपल्यातला प्रेक्षक पुन्हा डोके वर काढतो, आणि माझ्या सगळ्यांत मोठ्या चुका तिथेच झाल्या. टाइम-आउट एक मिनिटाचा असतो. मी त्या मिनिटात चार-चार सूचना करत असे आणि मुले धापा टाकत नुसत्या माना हलवत. आता पहिली वीस सेकंदे ती फक्त पाणी पितात, मग मी एकच वाक्य बोलतो आणि त्यांच्यापैकी एकाला ते परत म्हणायला लावतो. दुसरी चूक अधिक गंभीर होती. एका स्थानिक स्पर्धेत सामना चुरशीचा झाला म्हणून मी चांगले पाचच खेळाडू शेवटपर्यंत खेळवले. आम्ही तीन गुणांनी जिंकलो. बाकावर बसून राहिलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलाने परतताना मला विचारले, ‘‘सर, उद्या मी येऊ ना?’’ तो नाराज नव्हता, त्याला खरोखरच माहीत करून घ्यायचे होते. त्यानंतर आमच्या संघात नियम झाला की, संघात नाव असलेले प्रत्येक मूल किमान एक क्वार्टर, म्हणजे दहा मिनिटे, खेळणारच, मग धावफलक काहीही सांगो. या नियमामुळे आम्ही काही सामने हरलो आहोत आणि ते मला मान्य आहे.

तुम्ही स्वतः फारसे खेळलेले नाही, ही शंका मनात असेल तर विवेक रणदिवे यांचे उदाहरण पाहा. मुंबईत वाढलेल्या या उद्योजकाने बास्केटबॉल कधी खेळलेला नव्हता. कॅलिफोर्नियात रेडवूड सिटी इथे ते आपल्या मुलीच्या संघाचे प्रशिक्षक झाले आणि बारा वर्षांच्या आसपासच्या त्या मुलींना त्यांनी पूर्ण सामनाभर संपूर्ण कोर्टवर दबाव टाकायला, म्हणजे फुल कोर्ट प्रेस खेळायला शिकवले. बाहेरून चेंडू आत टाकायला पाच सेकंद आणि तो अर्ध्या रेषेपलीकडे न्यायला ठरावीक सेकंदच मिळतात, त्या वेळातच प्रतिस्पर्ध्याला अडकवायचे अशी ती रीत होती. तो संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचला. पुढे २०१३ मध्ये रणदिवे सॅक्रामेंटो किंग्ज संघाचे प्रमुख मालक झाले, आणि ४ व ५ ऑक्टोबर २०१९ ला मुंबईत किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात भारतातले पहिले एनबीए सामने झाले. त्यांची बाहेरून पाहणाऱ्याची नजर मला मोलाची वाटते. तरी त्यांची युक्ती मी माझ्या संघाला सामनाभर वापरू देत नाही. एकदा वापरली होती. समोरच्या मुलांना चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे नेताच आला नाही, आम्ही २६-४ ने जिंकलो, आणि घरी जाताना माझ्या लक्षात आले की त्या सामन्यात आमच्याही मुलांनी एकदाही पाच जणांनी मिळून आक्रमण रचले नव्हते. आता दहा गुणांची आघाडी झाली की आम्ही आपल्या अर्ध्या भागात परततो.

मुलींबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक मैदानांवर त्या बाराव्या-तेराव्या वर्षी कमी होऊ लागतात आणि त्याची कारणे खेळात नसतात. आमच्याकडे तीन कारणे होती: मैदानाजवळ स्वच्छ स्वच्छतागृह नव्हते, डिसेंबरात सहा वाजताच अंधार पडत होता आणि दिवे बंद होते, आणि कोर्टला लागून मोठ्या मुलांचा घोळका उभा राहत असे. शेजारच्या वाचनालयाला विनंती केल्यावर त्यांनी स्वच्छतागृहाची किल्ली दिली. दिव्यांसाठी पालकांनी वॉर्ड कार्यालयात चार वेळा खेटे घातले. घोळक्यासाठी आम्ही इतकेच केले की, रोज दोन पालकांनी कोर्टच्या त्या बाजूला खुर्च्या टाकून बसायचे. मुलींची संख्या पाचावरून चौदावर गेली. पालकांची ही पाळी आणखी एका कारणासाठी ठेवा: मैदानावर मुलांबरोबर तुम्ही कधीही एकटे मोठे माणूस नसावे, आणि कोणत्याही मुलाला एकट्याला गाडीवरून घरी सोडू नये. हे तुमच्या आणि मुलांच्या दोघांच्याही हिताचे आहे आणि पालकांना पहिल्याच बैठकीत सांगून टाकावे.

दुखापती मुख्यतः दोन होतात, घोटा मुरगळतो आणि चेंडू लागून बोट सुजते. बोट ओढून ‘बसवण्याची’ रीत आपल्याकडे सर्रास आहे, ती कोणालाही करू देऊ नका. बर्फ कापडात गुंडाळून लावा, आणि बोट वाकडे दिसत असेल किंवा हलवता येत नसेल तर डॉक्टरांकडे पाठवा.

नववी-दहावीला मुले शिकवणीसाठी मैदान सोडतात, याचे तुम्हाला वाईट वाटेल. मी त्यांना आठवड्यातून एकदा, रविवारी, येण्याची मुभा ठेवली आहे. त्यातली काही बारावीनंतर परत आली आणि आज लहान मुलांच्या सामन्यांत तीच पंच आणि गुणलेखक म्हणून उभी राहतात.

फी घ्यावी का, असेही तुम्ही विचारले आहे. मी स्वतःसाठी घेत नाही. चेंडू, कोन, जाळ्या आणि स्पर्धेचे प्रवेशशुल्क यांसाठी पालकांचा सामायिक निधी आहे, त्याचा हिशेब दोन पालक ठेवतात आणि ज्यांना देणे शक्य नाही त्यांची नावे त्या दोघांव्यतिरिक्त कोणालाही कळत नाहीत, मलाही नाही.

सुरुवात आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी एक तास, अशी करा आणि पहिले दोन आठवडे फक्त थांबणे, वळणे, पिव्होट (एक पाय जागेवर रोवून फिरणे) आणि दोन्ही हातांनी छातीपासून पास एवढेच शिकवा. मुले किती आहेत, त्यांची वये काय आहेत आणि कोर्ट पूर्ण आहे की अर्धे, हे कळवलेत तर पहिल्या महिन्याचा सराव दिवसवार लिहून देईन.