आईसमोर नानांचं नाव काढायचं का?

"मॅडम, आईसमोर बाबांचा विषय काढायचा की नाही, एवढंच सांगा."

मी समुपदेशक आहे, आणि गेलेल्या माणसाबद्दलचा हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी माझ्यापर्यंत येतो. विचारणारा बहुधा फोनवर असतो आणि आवाज बारीक केलेला असतो, कारण आई शेजारच्या खोलीत असते. कधी वडिलांच्या जागी भाऊ असतो, कधी तरणी सून. गाठ तीच असते. आठवण काढली तर घरातलं माणूस कोसळेल, नाही काढली तर आपण विसरलो असं वाटेल. पूर्वी मी याला एका वाक्यात उत्तर देऊन मोकळी व्हायचे. आता देत नाही, ते एका घरामुळे. त्या घराची परवानगी घेऊन आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून लिहिते आहे.

अमळनेरकडचं घर. वडील शाळेत क्रीडाशिक्षक, 58 व्या वर्षी निवृत्त झाले, पण मैदान सुटलं नाही. सकाळी साडेपाचला फक्कीचा डबा घेऊन निघायचे, स्वतः रेषा मारायचे, मग पोरं यायची. खेळ खो-खो. घरी ते नाना आणि मैदानावर सर. त्यांची मुलंही मैदानावर त्यांना सरच म्हणत. 2024 च्या डिसेंबरात एका पहाटे हृदयविकाराने गेले.

मार्च उजाडता थोरली लेक माझ्याकडे आली. जळगावातच नोकरी करते. तिची तक्रार आईची होती: आई बोलत नाही, जेवते पण चव सांगत नाही, टीव्हीसमोर बसते पण बघत नाही. "आम्ही सगळे खूप जपतो हो तिला."

"जपता म्हणजे काय करता?"

तिने सांगितलं. नानांचे बूट माळ्यावर टाकले. फक्कीचा डबा शेजाऱ्यांकडे दिला. जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, ज्याची नाना महिनोन्‌महिने वाट बघत होते, तेव्हा भावाने केबलचा रिचार्ज संपल्याचं खोटंच सांगितलं. 19 जानेवारीला भारताच्या मुलींनी आणि मुलांनी, दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. त्या रात्री या घरात टीव्ही बंद होता. सात वर्षांच्या नातवाने "नाना कुठून बघत असतील?" असं विचारलं, तर त्याला चिमटा काढून गप्प केलं.

पहिल्या भेटीत मीही चुकले. "आईच्या कलाने घ्या, वेळ लागतो," असं सांगून पाठवलं. ते वाक्य खोटं नव्हतं, पण त्याने त्या घरातल्या शांततेला माझा शिक्का मिळाला.

दुसऱ्या भेटीत वेगळं विचारलं. "तुम्ही नानांचं नाव शेवटचं मोठ्याने कधी घेतलंत?"

ती विचारात पडली. "बँकेत. वारसाची नोंद करायला गेले तेव्हा. त्यांनी पूर्ण नाव विचारलं." मग जरा थांबून म्हणाली, "त्याआधी मृत्यूच्या दाखल्यासाठी."

तीन महिन्यांत बापाचं नाव फक्त खिडकीपलीकडच्या कारकुनासमोर निघालं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्यासमोर बसली आहे तीच रडायची राहिली आहे. आईचं निमित्त होतं. हे तिला मी लगेच सांगितलं नाही. माणसाला स्वतःचं दुःख दुसऱ्याच्या नावाने आणण्याची सोय लागते, ती एकदम काढून घेऊ नये. "पुढच्या वेळी आईंना घेऊन या," एवढंच म्हटलं.

चौथ्या भेटीला आई आल्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पिशवीत दम्याचा पंप. माझ्या खोलीत खुर्च्या काटकोनात आहेत. आई खिडकीकडे बघत बसल्या, लेक दाराकडे. दहा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा. मी कागद बाजूला ठेवला आणि मला खरंच पडलेला प्रश्न विचारला.

"काकू, मला खो-खोतलं काही कळत नाही. ते आठ जण रांगेत बसतात, ते एकाआड एक उलट तोंड करून का बसतात?"

पस्तीस वर्षं प्रशिक्षकाचा संसार केलेली बाई. अशी सरळ झाली! म्हणाल्या, "दोन्ही बाजूंना धावता यायला पाहिजे ना. एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं."

"मग आपल्याला उठायचंय हे बसलेल्याला कसं कळतं? मागचा तर दिसत नाही."

"मागून हात लागतो, आणि त्याच वेळी तोंडाने मोठ्यांदा खो म्हणायचं. नुसता मुक्याने हात लावला तर चालत नाही. सर..." इथे त्या थांबल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो शब्द त्यांच्या तोंडातून निघाला असावा. "सर पोरांना ओरडायचे, आवाज कुठंय, आवाज कुठंय."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. लेकीने मान खाली घातली होती. आईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि त्या एकदम अहिराणीत आल्या, जी त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

"मी रडसू म्हनीसन तुम्ही गप बठनात?"

मी रडेन म्हणून तुम्ही सगळे गप्प बसलात?

लेक ढसाढसा रडली. मी मधे बोलले नाही, पेल्यात पाणीसुद्धा ओतलं नाही. वीस वर्षांच्या कामात मी जे काही शिकले असेन, त्यातलं सगळ्यात अवघड म्हणजे अशा वेळी हात मांडीवर ठेवून बसणं. त्या दिवशी ते मला जमलं, आणि ते जमल्याचा आनंद मला अजून आहे, हे कबूल करते.

पुढची चाळीस मिनिटं आईच बोलल्या. विश्वचषकाचा अंतिम सामना त्यांनी पाहिला होता. जिन्याखाली, नातवाच्या मोबाइलवर, आवाज बंद करून. पोरांना वाईट वाटू नये म्हणून! "पण आवाजाशिवाय खो-खो काय कळतो?" म्हणाल्या. तिकडे पोरं आईला जपत होती, इकडे आई पोरांना. एका घरात सगळे आपापल्या चौकोनात उलट तोंड करून बसलेले, आणि खो द्यायला कुणीच नाही.

मग भरताची गोष्ट निघाली. हिवाळ्यात खान्देशात भरीत होत नाही असं घर नसेल. या घरात वांगी भाजायचं काम नानांचं होतं. काड्यांचा धूर आईंना सोसत नाही, म्हणून लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात ते गच्चीवर गेले, आणि मग दर वर्षी. चारचौघं हसायची, मास्तर चूल फुंकतो म्हणून. ते भाजून, सोलून, बडगीत ठेचून खाली आणायचे, तोवर आईंनी हिरव्या मिरचीची फोडणी करून ठेवायची. आणि स्पर्धेला संघ घेऊन कुठेही गेले तरी रात्री नऊला फोन: "पंप घेतला का?" बस, दुसरं काही नाही.

"आजूनबी नऊ वाजता फोनाकडं बघते," आई म्हणाल्या.

लेक म्हणाली, "मला माहीत होतं गं. मी विचारणार होते. पण विचारलं तर तुला नाना आठवतील..."

"आठवतील म्हणजे? विसरले कधी होते?"

महिन्यातून दोनदा येणाऱ्या त्या प्रश्नाचं उत्तर मला या बाईने दिलं. तुम्ही नाव काढल्याने त्यांना आठवण येत नसते. ती सकाळपासून तिथेच असते. तुम्ही नाव काढलंत की त्या आठवणीला सोबत मिळते. डोळ्यांत पाणी आलं तर ते तुम्ही आणलेलं नाही, आधीपासून अडलेलं आहे.

आता थोडं माझ्या शास्त्राबद्दल. लोक वाचून येतात आणि विचारतात, "मी दुःखाच्या पाच पायऱ्यांपैकी कितवीवर आहे?" मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या अवस्था मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या जिन्यासारख्या चढायच्या नसतात. फ्रॉइडने 1917 मध्ये लिहिलं की शोक म्हणजे गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं. मीही तशीच शिकले, आणि बरीच वर्षं लोकांना "आता पुढे चला" असं सांगत राहिले. 1996 च्या सुमारास काही अमेरिकी अभ्यासकांनी वेगळं मांडलं: नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि ते बदललेलं नातं सांभाळणारा माणूस आजारी नसतो. मी आता या बाजूची आहे. आपल्या आयाबायांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरणारी खान्देशातली बाई त्यात पाणी, वर खरबूज आणि आंबे ठेवून गेलेल्याला जेवायलाच बोलावत असते.

म्हणून विचारणाऱ्यांना मी आता सांगते ते असं. विषय "काढायला" बसू नका, ते कोर्टात साक्ष दिल्यासारखं होतं. कामाच्या ओघात नाव येऊ द्या. "नानांनी हे कुठे ठेवलं असतं?" इतकं पुरतं. लहान मुलांनी विचारलं तर चिमटा काढू नका, "मलाही आठवण येते" म्हणा. वस्तू हलवायच्या असतील तर आईला विचारून हलवा. फक्कीचा डबा परत आणावा लागला, आणि शेजाऱ्यांनी तो तोवर कुंडीला वापरला होता. ज्याला बोलायचं नसेल त्याला ओढू नका. एकदा खो द्या, मग उठणं न उठणं त्याच्यावर. आणि तो माणूस जी एक गोष्ट रोज करायचा ती ओळखा. या घरात ती रात्री नऊची होती. आता पुण्याचा मुलगा फोन करतो. पहिले काही दिवस त्याला रडू आलं म्हणून आईनेच फोन ठेवला.

एक मात्र गंभीरपणे घ्या. सहा महिने, वर्ष उलटूनही ओढ तसूभर कमी होत नसेल, माणूस कामधाम, खाणं, झोप यांतून उठला असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. आणि "मलाही न्या" हे जर बोलण्याच्या ओघात न येता ठरवून येऊ लागलं असेल, तर एक दिवसही थांबू नका. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. सरकारची टेलीमानस सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र आणि फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

त्या घराच्या एकूण आठ भेटी झाल्या. शेवटची 30 एप्रिलच्या आखाजीनंतर. लेक माहेरी गेली होती. घागर भरताना आईंनी नातवाला जवळ बसवून विचारलं, "सांग, नाना काय ओरडायचे?" तो चुलीसमोर जीव तोडून ओरडला, "आवाज कुठंय!" सगळे हसले, मग रडले, मग जेवले.

डिसेंबरात माझ्याकडे एक डबा आला. वांगी मुलाने गच्चीवर भाजली होती. भरतात जळकं साल राहिलं होतं आणि दोनतीन फोडी चक्क कच्च्या होत्या. सोबत आईंचा निरोप: नाना असते तर याला परत भाजायला लावलं असतं.