‘त्रैक्य’ हा शब्द शास्त्रात नाही, मग ही शिकवण आली कुठून?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेले काही महिने आमच्या वस्तीत दोघे जण घरोघरी शास्त्र शिकवायला येतात. त्यांचे म्हणणे असे की, ‘त्रैक्य’ (एकच देव पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा आहे, ही शिकवण) हा शब्द पवित्र शास्त्रात कोठेही नाही, ही शिकवण इ. स. ३२५ मध्ये एका बादशहाने मंडळीवर लादली, आणि “पिता माझ्यापेक्षा थोर आहे” असे प्रभू स्वतःच म्हणाला आहे. मी आजोबांच्या जुन्या इंग्रजी बायबलमधून १ योहान ५:७ काढून दाखवले, तर ते वचन मुळात नाहीच असे ते म्हणाले. मला उत्तर देता आले नाही. शेजारच्या काकू तर म्हणतात की, हे आमच्या त्रिमूर्तीसारखेच झाले. कृपया शास्त्राच्या आधारे खुलासा करावा.
— एक वाचक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : प्रिय भगिनी, प्रथम जे आपल्याला आवडणार नाही ते सांगतो. १ योहान ५:७ बद्दल आपले पाहुणे बरोबर बोलले. “स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत, पिता, शब्द व पवित्र आत्मा” हे वाक्य प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत आढळत नाही. इरॅस्मस या विद्वानाने आपल्या ग्रीक नव्या कराराच्या १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतले नव्हते. टीका झाल्यावर १५२२ च्या आवृत्तीत घेतले, आणि पुढे १६११ च्या इंग्रजी भाषांतरात ते उतरले. या वचनावर त्रैक्याची शिकवण उभी नाही, म्हणून ते सोडून देण्यात आपले काही जात नाही. ‘एलोहीम’ हे हिब्रू नाम अनेकवचनी आहे म्हणून देव त्रैक्य आहे, हा युक्तिवादही मी कोणाला शिकवत नाही. इस्राएलाच्या देवासाठी त्या नामाबरोबर क्रियापद बहुधा एकवचनीच येते आणि परराष्ट्रांच्या एकेका दैवतालाही तेच नाम लावलेले आहे. कच्चा पुरावा पुढे केला की पक्क्या पुराव्यावरचाही विश्वास उडतो.

शब्द शास्त्रात नाही, हेही खरे. लॅटिन भाषेत तो रूढ केला कार्थेजच्या तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने, तिसऱ्या शतकाच्या आरंभी. पण शब्द नंतर मिळाला म्हणून ज्या गोष्टीचे ते नाव आहे ती गोष्टही नंतरची, असे होत नाही. पाहायचे ते एवढेच की, शास्त्र एकाच वेळी कोणकोणती विधाने करते आणि त्यांतले एखादे गाळून आपल्याला पुढे जाता येते का.

देव एकच आहे, यावर तर आपल्या पाहुण्यांचा आणि आपला वाद नाही. अनुवाद ६:४ दोघांनाही मान्य आहे. वाद आहे तो पुत्राविषयी. योहान १:१ मध्ये “शब्द देवासह होता, आणि शब्द देव होता” असे आपण वाचतो. ग्रीकमध्ये दुसऱ्या ‘देव’ या शब्दाआधी उपपद (इंग्रजीतल्या ‘the’ सारखा शब्द) नाही, म्हणून तेथे ‘एक देव’, म्हणजे दुय्यम प्रतीचा कोणी देव, असे भाषांतर करावे असा त्यांचा आग्रह असतो. मराठीला उपपदच नसल्यामुळे हा मुद्दा आपल्याकडे गूढ वाटतो आणि ऐकणारा गप्प होतो. परंतु त्याच अध्यायाच्या ६, १२, १३ आणि १८ या वचनांतही ‘देव’ शब्द उपपदाविना आला आहे, आणि तेथे पित्याऐवजी दुय्यम देव आहे असे कोणीच म्हणत नाही. शिवाय योहानाचे शुभवर्तमान ज्या शिखरावर जाते ते थोमाच्या तोंडचे आहे: “माझा प्रभू व माझा देव!” (२०:२८). येथे ग्रीकमध्ये उपपद आहे, हे शब्द थोमाने येशूला उद्देशून उच्चारले आहेत, आणि येशूने त्याला दटावलेले नाही. हे न दटावणे किती मोठे आहे ते इतरांशी ताडून पाहावे. कर्नेल्य पाया पडला तेव्हा पेत्राने त्याला उठवले. लुस्त्र येथे लोक बर्णबा व पौल यांना देव समजून यज्ञ करायला निघाले तेव्हा त्या दोघांनी वस्त्रे फाडली. प्रकटीकरणात देवदूतापुढे योहान पालथा पडला तेव्हा “असे करू नको, देवाला नमन कर” असे दूताने दोनदा सांगितले. आणि त्याच प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात सर्व सृष्टी राजासनावर बसलेल्याला आणि कोकऱ्याला, म्हणजे येशूला, एकाच स्तुतीने गौरव देते. मूर्तिपूजेचे नाव काढताच अंगावर काटा येणाऱ्या यहूदी माणसाच्या लेखणीतून हे उतरले आहे.

पौलाचेही तसेच. यशया ४५:२३ मध्ये परमेश्वर शपथ वाहून सांगतो की प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल. फिलिप्पैकरांस २:१०-११ मध्ये तोच गुडघा येशूच्या नावाने टेकतो. ज्या अध्यायात परमेश्वर “माझ्याशिवाय दुसरा देव नाही” असे पुनःपुन्हा बजावतो, त्याच अध्यायातून पौलाने हे वाक्य उचलले, हे योगायोगाने घडले असे मला वाटत नाही.

आता “पिता माझ्यापेक्षा थोर आहे” (योहान १४:२८). एखादा मुलगा “बाबा माझ्याहून मोठे आहेत” असे म्हणतो तेव्हा बाबा अधिक माणूस आहेत आणि मी कमी माणूस आहे, असे तो म्हणत नसतो. पुत्राने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, आणि त्या अवस्थेतून तो पित्याकडे परत जाण्याविषयी बोलत आहे. मार्क १३:३२ अधिक अवघड आहे, कारण तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असे तेथे म्हटले आहे. देहधारणाच्या खोल रहस्यात हे वचन येते आणि लूक २:५२ मध्ये जो ज्ञानाने वाढला त्याच्याविषयीच ते आहे, एवढेच मी म्हणेन. मात्र त्यातला क्रम पाहावा: कोणी मनुष्य नाही, स्वर्गातले दूत नाहीत, पुत्रही नाही, केवळ पिता. पुत्र दूतांच्या पलीकडे, पित्याच्या बाजूला उभा आहे. योहान १७:३ मधील “एकच खरा देव” हे शब्दही पुढे केले जातात. पण यहूदाचे पत्र येशूला आपला “एकच स्वामी” म्हणते, म्हणून पिता स्वामी नाही असे ठरत नाही, तसेच हेही. दोन वचनांनंतर, म्हणजे १७:५ मध्ये, जग होण्यापूर्वी पित्याजवळ जो गौरव माझा होता तो मला दे, असे पुत्र मागतो. आपला गौरव दुसऱ्याला देणार नाही असे म्हणणाऱ्या परमेश्वराजवळ (यशया ४२:८) निर्माण झालेल्या कोणी असे मागणे मागावे, हे कल्पनेतही बसत नाही.

पित्याहून पुत्र वेगळा, हेही तितकेच ठाम आहे, आणि येथे आपली मराठी फार उपयोगी पडते. “मी आणि पिता एक आहोत” (योहान १०:३०). क्रियापद ‘आहोत’ आहे, ‘आहे’ नाही. आणि ग्रीकमध्ये ‘एक’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, म्हणजे ‘एकच व्यक्ती’ असा त्याचा अर्थ होत नाही. तर्तुल्यनाने याच वचनावर नेमके हेच लिहून ठेवले आहे. ऐकणाऱ्यांनी तर दगड उचलले. वाक्याचे वजन त्यांना बरोबर कळले होते.

पवित्र आत्मा ही केवळ देवाची शक्ती आहे, असेही आपल्याला सांगितले जाईल. शक्तीला खिन्न करता येत नाही, शक्ती आपल्या इच्छेप्रमाणे दाने वाटून देत नाही, आणि “बर्णबा व शौल यांना माझ्यासाठी वेगळे करा” असे बोलत नाही. हनन्या पवित्र आत्म्याशी लबाडी बोलला, आणि पुढच्याच वचनात पेत्र म्हणतो की तू देवाशी लबाडी केलीस (प्रेषितांची कृत्ये ५:३-४).

ही तिन्ही विधाने हातात धरून मत्तय २८:१९ वाचावे. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या ‘नावाने’, ‘नावांनी’ नव्हे. ग्रीकमध्येही ते एकवचनच आहे. प्रत्येक बाप्तिस्म्याच्या वेळी आपण हे ऐकतो, म्हणूनच कदाचित ऐकत नाही.

बादशहाविषयी थोडक्यात. इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा रोमी अधिकारी प्लिनी याने सम्राट त्राजानाला कळवले की, हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. आपले पाहुणे ज्या इ. स. ३२५ विषयी बोलतात ती नायसियाची परिषद त्यानंतर दोनशे वर्षांनी झाली. तेथे अलेक्झांड्रियाच्या आरियसाचे मत नाकारले गेले, आणि त्याचे मत असे की, पुत्र नव्हता असा एक समय होता. पुढे राजसत्तेने कोणाची बाजू घेतली, हे गमतीचे आहे. ती परिषद बोलावणारा बादशहा कॉन्स्टंटाईन, स्वतः त्याचाच बाप्तिस्मा आरियसाच्या बाजूच्या बिशपाच्या हातून झाला. त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस उघडपणे नायसियाच्या विरोधकांना धरून होता. आणि नायसियाची बाजू लढवणारा अथनासियस पाच वेळा हद्दपार झाला. बादशहांच्या बळावर टिकली असती, तर ही शिकवण त्याच शतकात बुडाली असती.

काकूंना सांगावे की त्यांची तुलना समजण्यासारखी आहे, पण जुळत नाही. त्रिमूर्ती म्हणताना उत्पत्ती, स्थिती व लय अशी कार्ये तीन देवांकडे वाटून दिलेली असतात. शास्त्रात अशी वाटणी नाही. सृष्टी पित्यापासून, पुत्राच्या द्वारे, आणि आरंभी जलांवर आत्मा. पुनरुत्थानाविषयीही, पित्याने उठवले (गलतीकरांस १:१) आणि मी माझा प्राण परत घेतो असे पुत्र म्हणतो (योहान १०:१८).

प्रश्न : शब्बाथ शाळेत मी मुलांना बर्फ, पाणी व वाफ हे उदाहरण देते. ते योग्य आहे का?
— एक शिक्षिका, पुणे

उत्तर : नाही. तेच पाणी आधी बर्फ असते, मग पाणी होते, मग वाफ. म्हणजे एकच जण तीन वेष पालटतो. तिसऱ्या शतकात सबेल्लियसाच्या नावाने ओळखले गेलेले आणि मंडळीने नाकारलेले मत हेच होते. सूर्य, प्रकाश व उष्णता या उदाहरणात दोघे व्यक्ती न राहता गुण होऊन बसतात. मुलांना मत्तय ३:१६-१७ वाचून दाखवावे: पुत्र यार्देनेच्या पाण्यातून वर येत आहे, आत्मा कबुतरासारखा उतरत आहे, आणि त्याच क्षणी आकाशातून पित्याची वाणी होत आहे. मग फळ्यावर नदी, कबुतर आणि आकाश काढायला सांगावे, आणि “वाणी कशी काढायची?” असे एखाद्या मुलाने विचारले, तर ती जागा कोरीच सोडू द्यावी.