फिलीप नेरी फेर्रांव कार्डिनल (कॅथलिक चर्चमधलं पोपच्या खालोखालचं मानाचं पद) झाले म्हणजे आता ते गोव्याचे आर्चबिशप राहिले नाहीत का?

नाही हो, राहिलेत की. कार्डिनल झालं म्हणून आपला धर्मप्रांत सोडावा लागत नाही, ते गोवा-दमणचे आर्चबिशप आहेतच.

माणूस आपल्या बार्देशातला, १९५३ साली हळदोण्यात जन्म, साळगाव आणि रायतूरच्या सेमिनरीत (पाद्री घडवणारी शाळा) आणि पुढे पुण्याच्या पेपल सेमिनरीत शिक्षण, १९७९ ला पाद्री झाले. १९९४ मध्ये सहायक बिशप, २००४ पासून आर्चबिशप, आणि २७ ऑगस्ट २०२२ ला पोप फ्रान्सिसनी रोममध्ये लाल टोपी दिली, म्हणजे कार्डिनल केलं.

मला यातली मोठी गोष्ट ही वाटते, की गोव्याच्या आर्चबिशपांना १८८६ पासून ईस्ट इंडीजचे पॅट्रिआर्क हा मानाचा किताब आहे, इतकं जुनं पीठ, तरी या गादीवर असताना कार्डिनल झालेले हे पहिलेच! आम्ही हिंदू असूनही तेव्हा फार अभिमान वाटलेला.

कार्डिनल ८० वर्षांखालचा असेल तर नवा पोप निवडताना मत देतो, म्हणून मे २०२५ मध्ये पोप लिओ निवडले गेले तेव्हा सिस्टिन चॅपेलमध्ये हळदोण्याचे हे पात्रांवही (आमच्याकडे साहेबाला म्हणतात तसं) मतदानाला होते. शिवाय आशियातल्या बिशपांच्या महासंघाचं अध्यक्षपदही सध्या त्यांच्याकडेच आहे.