तपासणी मोफत असूनही गरीब गर्भवती बायका उशिरा का येतात?

तपासणी फुकट, गोळ्या फुकट, तरी रोजंदारीवरच्या बायका सहाव्या महिन्यापर्यंत दवाखान्यात का फिरकत नाहीत, हे अज्ञान आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी परिचारिका आहे, गरोदर बायकांच्या तपासणीचंच काम करते. अज्ञान हे उत्तर मला अजिबात पटत नाही.

बाईलाच विचारा, ती म्हणेल, "खाडा होतो." केसपेपरला पैसे पडत नसतील, पण त्या दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, आधीच्या पोराला कुणाकडे तरी सोडावं लागतं. वजन, रक्तदाब, बाळाचे ठोके बघायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो रांगेत. रक्ताला पुन्हा दुसरा दिवस, सोनोग्राफीला तिसरीकडे. जागतिक आरोग्य संघटना 2016 पासून किमान 8 भेटी सांगते, पहिली 12 आठवड्यांच्या आत. हातावर पोट असलेल्या बाईसाठी ते किमान आठ खाडे असतात. शिवाय दिवस गेल्याचं कळलं तर काम सुटेल, या भीतीने कितीतरी जणी पोट दिसेपर्यंत बोलतच नाहीत.

आणि दवाखान्यातली बोलणी! "एवढ्या उशिरा आलीस? पहिलं केवढं आहे गं तुझं?" हे सगळ्या रांगेसमोर. ती मान खाली घालून कागद घेते आणि पुढच्या तारखेला येत नाही. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो, कारण नीट बोलायला कुठलाही निधी लागत नाही.

उशीर फार महागात पडतो. रक्तदाब 140/90 च्या वर गेला तरी बाईला बरेचदा काही जाणवत नाही, मोजल्याशिवाय कळतच नाही. ज्यांना असा रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त, त्यांना कमी मात्रेची ॲस्पिरिन शक्यतो 20 आठवड्यांच्या आत सुरू करायची असते. सहाव्या महिन्यात आलेल्या बाईची ती वेळ टळलेली असते. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर गोळ्यांनी वाढतं, पण हळूहळू. आठव्या महिन्यात कळलं तर हातात दिवसच उरत नाहीत.

सगळ्या तपासण्या एकाच दिवशी, एकाच छताखाली आणि कामावरून सुटल्यावर झाल्या तर बायका येतात. तुमच्याकडे कामाला कुणी गर्भवती असेल, तर तपासणीच्या दिवसाचा पगार कापू नका आणि हे तिला आधीच सांगून ठेवा. जमलं तर पहिल्या भेटीला सोबत जा. बरोबर कुणी असलं की तिला प्रश्न विचारायचा धीर येतो.