बीजीएमआय या मोबाईल गेममध्ये एअरड्रॉपवर (विमानातून पडणाऱ्या सामानाच्या पेटीवर) आमिष लावलं तर आमचीच स्क्वाड का मरते? (रंकाळ्यावर बसून चौघे खेळतो)

भावा, बहुतेक वेळा चूक एकच असते: चौघेही ड्रॉपच्या एकाच बाजूला, एकमेकांना चिकटून बसतात. शत्रूला एक दिसला की चौघे सापडले.

ड्रॉपपासून साठ-सत्तर मीटरवर दोघे बसवा, पण वेगवेगळ्या बाजूंना, म्हणजे शत्रू एकापासून आडोसा घेईल तेव्हा दुसऱ्यासमोर उघडा पडेल. तिसरा पाठीमागचा रस्ता बघेल. ड्रॉपच्या लाल धुरावर तिसरी स्क्वाड गाडी घेऊन येतेच, तिला विसरू नका. चौथा आमिष. त्याने सायलेन्सर न लावता दोन-तीन गोळ्या हवेत सोडायच्या आणि लगेच दगडाआड जायचं. बाकीच्यांनी सायलेन्सर लावायचा, नाहीतर मिनीमॅपवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) तुमच्या गोळीबाराची खूण उमटते.

सगळ्यात अवघड भाग थांबण्याचा. पहिला शत्रू दिसला की बोट शिवशिवतं, पण दुसरा मोकळ्यात येईपर्यंत गोळी नको. एकालाच नॉक केलंत (म्हणजे जखमी करून पाडलंत) तर उरलेले धुराचा बॉम्ब फेकून त्याला उठवतात आणि तुमची जागाही कळते.

घरात लपायचा डाव असेल तर दारं बघा. मॅच सुरू होताना सगळी दारं बंद असतात, त्यामुळे उघडं दार म्हणजे कुणीतरी येऊन गेलंय. तुम्ही आत असाल तर दार लावून घ्या. न लुटलेलं घर समजून समोरचा बेसावध शिरतो.

आणि चौघांनी एकाच मोबाईलच्या हॉटस्पॉटवर खेळू नका. पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) वाढला की आधी नेम धरूनही तुम्हीच पडता.