नोकरी सांभाळून, कमी खर्चात शिक्षक कसं होता येईल? (बी.कॉम., वय ३०)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.कॉम. ५२ टक्के, वय ३०, खासगी ऑफिसात अकाउंट्सचं काम, ओबीसी प्रवर्ग, विवाहित स्त्री. एक एजंट 'घरबसल्या बी.एड., कॉलेजला यायची गरज नाही' म्हणतोय. घ्यावं का, नसेल तर स्वस्त आणि सवडीचा मार्ग कोणता?

एजंटचं आधी. नियमित बी.एड.ला एनसीटीईच्या (शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद) २०१४ च्या नियमांप्रमाणे ८० टक्के हजेरी लागते, शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि त्यात किमान २० आठवडे शाळेत काढावे लागतात. 'यायची गरज नाही' याचा अर्थ हजेरी खोटी लावणार. अशी पदवी निवड होईपर्यंत खपते आणि कागदपत्र पडताळणीत अडकते. तेव्हा एजंट फोन उचलत नाही.

दूरस्थ बी.एड. आहे, पण ते तुमच्यासाठी नाही, आणि ही अट जाहिरातीत कोणी ठळक छापत नाही. इग्नूच्या दूरस्थ बी.एड.ला प्रवेश कोणाला? सेवेत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांना, किंवा ज्यांनी एनसीटीई मान्य शिक्षक प्रशिक्षण प्रत्यक्ष वर्गात बसून आधीच पूर्ण केलंय त्यांना. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं बी.एड.ही नवख्या पदवीधरांसाठी नाही. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेचं डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका, जुनं डी.एड.) सेवेतल्या अप्रशिक्षित शिक्षकांसाठी होतं, ते २०१९ लाच संपलं.

म्हणजे प्रशिक्षणात सवलत मिळत नाही. सवड काढायची ती विषयाच्या पदवीत, आणि पैसा वाचवायचा तो कॉलेजच्या निवडीत व शिष्यवृत्तीत.

आता तुमची खरी अडचण, जी बहुतेक बी.कॉम.वाल्यांना बी.एड. झाल्यावर कळते. दहावीपर्यंत वाणिज्य हा विषयच नाही. पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर, सहावी ते दहावीची पदं भाषा, गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र अशा विषयांनुसार येतात आणि तुमच्या पदवीचे विषय तिथे जुळत नाहीत. पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२३ ला ते स्पष्ट केलं. उरतं अकरावी-बारावी: पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन व व्यवस्थापन, चिटणिसाची कार्यपद्धती. तिथे पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. दोन्ही लागतात. नुसतं बी.कॉम. बी.एड. करून थांबलात तर अर्ज भरायला जागा शोधत बसाल.

म्हणून माझा सल्ला: आधी एम.कॉम., तेही मुक्त विद्यापीठातून, नोकरी न सोडता. दूरस्थ पदवी यूजीसीची मान्यता असेल तर नियमित पदवीसारखीच धरतात. त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षाची मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत पाहून घ्या. ५० टक्क्यांच्या वर राहा. ज्यांना पदवीला ५० टक्क्यांहून कमी आहेत त्यांनाही याचा फायदा होतो, कारण बी.एड.साठी टक्के पदवीचे किंवा पदव्युत्तरचे, कोणतेही चालतात.

एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात बी.एड. सीईटी द्या. अर्ज साधारण जानेवारीच्या सुमारास, परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये. १०० प्रश्न, ९० मिनिटं: बुद्धिमत्ता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. कॅप राऊंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, पसंतीक्रम भरताना आधी शासकीय अध्यापक महाविद्यालयं (पनवेल, अंबाजोगाई, बुलढाणा वगैरे), मग अनुदानित, शेवटी विनाअनुदानित. फीमधला फरक मोठा असतो. घराजवळचं विनाअनुदानित पहिल्या क्रमांकावर टाकणं ही नेहमीची चूक आहे.

तुमच्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा, संस्था पातळीवरच्या जागेला ही माफी नाही. महाडीबीटीवर (राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) अर्ज अडतो तो बहुतेक नावामुळे: पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, बँक खातं तिसऱ्याच स्पेलिंगचं. नाव बदलाचं गॅझेट आत्ताच करून घ्या, त्याला वेळ लागतो. जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेयर माहेरकडचे लागतात, त्यात नवऱ्याचं उत्पन्न धरत नाहीत. जात पडताळणी नसेल तर तीही आजच सुरू करा.

बी.एड.ची दोन वर्षं पूर्णवेळ नोकरी जमणार नाही. पहिलं वर्ष माणूस कसंबसं ओढतो, सूक्ष्म अध्यापनाचे पाच-सहा मिनिटांचे पाठ आणि सराव पाठ निभावतात. गाडी अडते दुसऱ्या वर्षी, सलग १६ आठवड्यांच्या इंटर्नशिपला: परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत तिथेच, आणि रात्री उद्याची टाचणं. पण अकाउंट्सवाल्यांची इथे सोय आहे. चार-पाच व्यापाऱ्यांचं टॅली आणि जीएसटीचं काम घरून घ्या. जीएसटी विवरणपत्रांच्या दोन तारखा, जीएसटीआर-१ ची ११ आणि ३बी ची २०, सांभाळल्या की बाकी महिना मोकळा राहतो.

दुसरा मार्ग डी.एल.एड.चा. प्रवेश बारावीच्या गुणांवर, कोणतीही शाखा चालते, सीईटी नाही, आणि डाएटसारख्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) शासकीय संस्थेत फी अगदी किरकोळ. दोन वर्षं नियमित करा, टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक काढा (१५० गुणांपैकी खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९०, राखीव गटाला ५५ टक्के), की पहिली ते पाचवीसाठी पात्र. वर, हे झालं की दूरस्थ बी.एड.चं दार उघडतं. इग्नूमध्ये पदवीला ५० टक्के लागतात, ते तुमच्याकडे आहेत. लहान मुलांना शिकवायची मनापासून तयारी असेल तर हाच रस्ता स्वस्त. नसेल तर या वाटेला जाऊ नका, पहिलीचा वर्ग अकाउंट्स शिकवण्याइतका सोपा नसतो.

पात्रता मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. पवित्र पोर्टलसाठी टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी (टीईटीहून वेगळी) द्यावी लागते: २०० प्रश्न, १२० मिनिटं, गुणांवर क्रम. ती २०१७, २०२३ आणि २०२५ अशी झाली आहे, दरवर्षी होईल असं धरून बसू नका. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर शिक्षण सेवक: प्राथमिकला महिना १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००. वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, राखीव गटाला ४३, म्हणजे चार वर्षं अभ्यासात गेली तरी तुमच्या हातात वेळ आहे. मधल्या काळात कनिष्ठ महाविद्यालयात घड्याळी तासिकेवर किंवा खासगी इंग्रजी शाळेत काम मिळू शकतं. पगार आधी लेखी विचारा, बरेच ठिकाणी तो तुमच्या आजच्या पगाराहून कमी निघतो.