फ्रान्समधल्या रेंस शहराजवळ जंगलातून आणि द्राक्षमळ्यांतून माउंटन बाइक चालवायची आहे. कुठे जावं, आणि नवख्या माणसाला जमेल का?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: मुलगी रेंसला शिकते, ऑक्टोबरात तिच्याकडे जाताय, तुम्हाला सिंहगड-पानशेतच्या वाटांवर एमटीबी चालवायची सवय आहे आणि मुलीला फक्त शहरात सायकल चालवायची. मी याच भागात राहतो आणि सुट्टीचा दिवस बहुतेक याच डोंगरावर जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

शहराच्या दक्षिणेला मोंतान्य द रेंस हा डोंगर पसरला आहे. 1976 पासून तो प्रादेशिक निसर्ग उद्यान आहे. आकड्यांवर जाल तर निराश व्हाल. सर्वात उंच जागा 280 मीटरच्या आसपास, आणि शहर त्याच्या दोनशे मीटर खाली. सिंहगड चढणाऱ्याला यात काय वाटणार! पण इथली कसोटी उंचीची नाहीच, जमिनीची आहे. ती एकदा कळली की वाट, टायर, दिवस, वेळ सगळं आपोआप ठरतं.

डोंगर तीन थरांत बघा. पायथ्याला सपाट शेती आणि कालवा. मधल्या उतारावर खडूची पांढरी जमीन, तिथे द्राक्षमळे. माथ्यावर चिकणमाती, तिथे ओक, बीच आणि चेस्टनटचं जंगल. खडू पाणी धरूनही ठेवतो आणि जास्तीचं खाली सोडूनही देतो, म्हणून वेलींना तो मानवतो. माथ्यावर पाणी मुरत नाही, ठिकठिकाणी तळी साचलेली दिसतात. तो भाग झाडांकडेच राहिला. त्यामुळे मळे आणि जंगल यांची सीमा इतकी स्पष्ट आहे की एका चाकाखाली खडू आणि दुसऱ्याखाली पाचोळा, अशी वाट कित्येक किलोमीटर मिळते. या सीमेवरून सायकल चालवणं हेच या डोंगराचं खरं सुख आहे. नुसतं जंगल युरोपात कुठेही मिळेल.

आता वाट. शहरातूनच एन आणि मार्न या नद्यांना जोडणाऱ्या कालव्याच्या काठी गाड्यांना बंदी असलेला सायकलमार्ग आहे, तो सिलेरी गावापर्यंत सपाट जातो. पाय मोकळे करायला उत्तम. सिलेरीहून मळ्यांतून वर वेर्झनेला चढा. या गावाच्या कडेला द्राक्षांच्या मधोमध एक दीपगृह उभं आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर! 1909 मध्ये जोझेफ गूले या शाम्पेनवाल्याने आपल्या मालाची जाहिरात म्हणून ते बांधलं. आता तिथे द्राक्षशेतीचं संग्रहालय आहे. गावाच्या दुसऱ्या बाजूला जुनी पवनचक्की आहे, पहिल्या महायुद्धात तिच्यावरून शत्रूच्या हालचाली टिपत असत. तिथे थांबून उत्तरेकडे बघा. हवा स्वच्छ असेल तर मैदानात रेंसचं कॅथेड्रल, म्हणजे तिथलं मुख्य चर्च, उठून दिसतं. फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक तिथे होत, शेवटचा 1825 मध्ये दहाव्या शार्लचा. सप्टेंबर 1914 मध्ये तोफगोळ्यांनी त्याचं छप्पर जळालं आणि पुढची चार वर्षं युद्धाची आघाडी या मैदानातच अडकून होती. हा देखावा मी दर वेळी थांबून बघतो.

नाशिककडचे मळे डोळ्यांसमोर असतील तर इथे वेगळं वाटेल. आपल्याकडे मांडवावर चढवलेले वेल असतात, खालून माणूस चालू शकतो. इथे वेल कमरेला, फार तर छातीला लागतील एवढेच ठेवतात, आणि ओळी एकमेकींना खेटून. त्यामुळे सायकलवर बसल्या बसल्या अख्खा उतार नजरेत येतो. दोन ओळींवरून पाय टाकून चालणारे उंच ट्रॅक्टर दिसले तर बाजूला थांबून त्यांना जाऊ द्या, वाट त्यांच्या कामासाठी आहे. ओळींमध्ये सायकल घालू नका आणि द्राक्ष तोडू नका, एकही नाही. तो कुणाचा तरी माल आहे, आणि या गावांतला माल फार मोलाचा असतो. शाम्पेनसाठी द्राक्षं हातानेच तोडावी लागतात, यंत्राला परवानगी नाही. ही तोडणी साधारण सप्टेंबरात होते, कडक उन्हाळ्याच्या वर्षी ऑगस्टअखेरच सुरू होते. तुम्ही येईपर्यंत ती संपलेली असेल, वाटा मोकळ्या मिळतील आणि पानं पिवळी पडू लागलेली असतील. ऑक्टोबर निवडलात हे चांगलं केलंत.

वेर्झनेहून वेर्झीला या आणि तिथून जंगलात शिरा. वर 'फो द वेर्झी' नावाची झाडं आहेत, त्यांच्यासाठी तासभर राखून ठेवा. जात बीचचीच, पण सरळ तीस मीटर वाढायचं सोडून ही वळत, पीळ खात, पुन्हा जमिनीकडे येतात आणि छत्रीसारखी पसरतात. हा दोष म्हणा किंवा वैशिष्ट्य, त्यांच्या जनुकांतच आहे. जमिनीला टेकलेल्या फांदीला मुळं फुटतात आणि त्यातून नवं झाड उभं राहतं. म्हणूनच त्यांच्या आसपासची जमीन तुडवली की नुकसान होतं आणि म्हणूनच काही झाडांना कुंपण आहे. इथे सायकलवरून उतरा, हातात धरून चाला. माझं हे मत ठाम आहे. शेकडो वर्षं जगलेल्या मुळांवरून खोल दातांचे टायर फिरवण्याचा कुणालाच हक्क नाही. पाने गळल्यावर फांद्यांचा पीळ उघडा पडतो, तेव्हा ती जास्त चांगली दिसतात. जवळच मों सिनाई नावाची जागा आहे, डोंगराचा माथा. महायुद्धातलं निरीक्षण ठाणं अजून तिथे शाबूत आहे.

तिथून पश्चिमेला माई, ल्यूद आणि रिली या गावांच्या वरून जंगल-मळ्यांच्या सीमेने निघा. वाटेत लाल-पांढऱ्या पट्ट्या दिसतील, त्या पायी चालणाऱ्यांच्या लांब पल्ल्याच्या मार्गाच्या. माणसं समोरून येतात, त्यांना आधी वाट द्या, बोंझूर म्हणा. सायकलींच्या मार्गाची खूण वेगळी असते: एक त्रिकोण आणि त्याला लागून दोन गोल. हिरवा, निळा, लाल, काळा हे रंग सोप्याकडून अवघडाकडे जातात. खूण नसेल तिथे रुंद जंगलरस्ता धरा, झाडांमधून नवी वाट पाडू नका. रिलीला खाली उतरलात की रेंसला सायकलने परता किंवा तिथल्या स्टेशनवरून लोकल रेल्वे पकडा. सगळं मिळून 40-50 किलोमीटर होतात, थांबत थांबत दिवस छान जातो.

दम असेल तर रिलीला न उतरता जंगल आरपार करून दक्षिणेच्या उतारावरच्या ओव्हिलेला जा. शाम्पेनशी ज्याचं नाव जोडलं जातं तो, 1715 मध्ये वारलेला साधू दों पेरिन्यों तिथल्या चर्चमध्ये पुरलेला आहे. समोर मार्न नदीचं खोरं उघडतं. खाली एपेर्ने, आणि तिथून रेंसला परतीची गाडी. ही लोकल याच डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून जाते.

आता जमिनीचं. पाऊस पडून गेल्यावर मळ्यांतला ओला खडू भयंकर निसरडा होतो. उत्तर उतारावर ऑक्टोबरात ऊन उशिरा पोहोचतं, म्हणून सकाळी दहापर्यंत तिथे वळणावर ब्रेक दाबूच नका, वळणाआधी दाबा. माथ्यावरची चिकणमाती मात्र काळ्या मातीच्या शेतात पावसात सायकल घातल्यासारखी वागते: टायरला चिकटते, त्यात पाचोळा मिसळतो, मग तो लगदा चाक आणि फ्रेमच्या मध्ये अडकतो आणि चाक फिरायचंच थांबतं. खिशात एक चपटी काठी ठेवा, खरवडायला. टायर फार रुंद नकोत, दात लांब आणि विरळ हवेत, म्हणजे चिखल स्वतःहून झडतो. दोन दिवस सलग पाऊस झाला असेल तर माथा सोडून मळ्यांतल्या पक्क्या वाटांवरच राहा. तुमच्यासाठीही बरं आणि जंगलाच्या वाटेलाही.

सायकल पुण्याहून आणायच्या भानगडीत पडू नका, भाड्याने घ्या. दुकानात 'वेतेते' म्हणा, माउंटन बाइकला इथे तेच म्हणतात. बाहेर काढण्याआधी ब्रेक तपासा. आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, इथे डाव्या. उतारावर घाबरून नेहमीच्या सवयीने डावा हात आवळलात तर पुढचं चाक जागीच थांबेल आणि तुम्ही हँडलवरून पुढे जाल. मोकळ्या जागेत दहा-पंधरा मिनिटं फक्त ब्रेक मारून बघा, हात नव्या सवयीला लागू द्या. रस्त्यावर उजवीकडून चालायचं हे लक्षात राहीलच, पण गावांतल्या छोट्या चौकांत उजव्या हाताने येणाऱ्या गाडीचा पहिला हक्क असतो, ते विसरू नका.

ऑक्टोबरात शिकारीचा हंगाम असतो. जंगलात हाका घालून रानडुकरं आणि हरणं बाहेर काढतात, तेव्हा वाटेच्या तोंडाशी शिकार चालू असल्याची पाटी लावलेली असते. पाटी दिसली की मुकाट्याने दुसरी वाट धरा, आणि अंगात भडक रंगाचं जाकीट असू द्या. गवतात गोचीड असते, तिच्या चाव्यामुळे लाइम नावाचा जिवाणूंचा रोग होऊ शकतो. लांब मोजे घाला आणि घरी आल्यावर गुडघ्यांच्या मागे, काखेत नीट बघा.

मुलीबद्दल: तिला पहिल्या दिवशी जंगलात नेऊ नका. कालव्याने सिलेरी, तिथून हळूहळू वेर्झने, दीपगृहाजवळ डबा, आणि त्याच वाटेने परत. तीस-पस्तीस किलोमीटर होतात, चढ एकच. तो जड वाटत असेल तर विजेवर चालणारी सायकल तिच्यासाठी भाड्याने घ्या, लाजायचं काही कारण नाही, इथे आजी-आजोबाही ती चालवतात. दिवसभर ती हसत राहिली तर पुढच्या कोरड्या दिवशी वेर्झीपर्यंत न्या. ऑक्टोबरअखेरीस इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि संध्याकाळ अचानक लवकर येते, म्हणून पुढचा-मागचा दिवा दोघांच्याही सायकलला सकाळीच लावून निघा.